उंट बाहेर काढताना

उंटाच्या बाबतीत माझ्याविषयी गावात जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं खोटं आहे. मी उंट पाळणार होतो, हे खोटं. मी उंटावर बसून नगरपंचायतीच्या निवडणुकीचा प्रचार करणार होतो, हे तर साफ खोटं. उंट आला होता, तो माझ्या फाटकात बसला होता आणि त्याने आमची जास्वंद बुंध्यापर्यंत खाल्ली, एवढं मात्र खरं. पण हे सगळं का झालं ते नीट ऐकून घेतलं, तर कोणताही समंजस माणूस माझ्या बाजूने उभा राहील. गावाचं नाव मी सांगत नाही. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर कचेरीतले साहेब खुलासा द्यायला पुन्हा बोलावतील.

सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून झाली. त्यांना सगळे नानाजी म्हणतात. रोहणा गावच्या शाळेत मास्तर होते. सासूबाई गेल्या आणि संक्रांतीनंतर अस्मिता, म्हणजे माझी बायको, त्यांना आमच्याकडे घेऊन आली. आले ते पोर्चमधल्या खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले. बोलणं म्हणाल तर दोनच शब्द, ‘हं’ आणि ‘नको’. चहा घेता? हं. फिरायला जायचं? नको. टीव्ही लावू? नको. अस्मिता हायस्कुलात शिकवते, आठवी ब सारखा वर्ग तिच्यापुढे चूपचाप बसतो. पण चूप बसलेल्या माणसाला बोलतं कसं करावं याचं प्रशिक्षण शिक्षण खातं देत नाही. ती रोज शाळेतून आली की आधी पोर्चमध्ये डोकावायची आणि मग माझ्याकडे पाहायची. मी मान हलवायचो. ती पदर खोचून कामाला लागायची.

एका रविवारी माळ्यावर जुना टेबलपंखा शोधताना मला बुद्धिबळाचा पट सापडला. मी तो झटकून पोर्चमध्ये नेला आणि सहज म्हटलं, “नानाजी, खेळता का एक डाव?”

ते ‘नको’ म्हणाले नाहीत. नुसती खुर्ची पुढे ओढली.

मी बुद्धिबळ खेळतो, हे मी आजवर समजत होतो. कचेरीत दुपारच्या सुट्टीत मी बऱ्याच जणांना हरवलेलं आहे. ते बरेच जण माझ्या हाताखालचे होते हे लक्षात यायला मला नानाजींचा एक डाव पुरला. मी आधी कडेचं प्यादं पुढे सरकवलं, मग दुसऱ्या कडेचं. कडेने सुरक्षित राहावं, मध्ये पडू नये, हे माझं नोकरीतलं धोरण आहे आणि त्यावर मला बढत्या मिळालेल्या आहेत. पटावर मात्र वजीर आणि घोडे घेऊन नानाजी थेट माझ्या राजाच्या दारात आले. मात दिली, पटाकडे पाहिलं आणि म्हणाले,

“जवाईबापू, तुमचे दोन्ही उंट घरातच बसून राह्यले न. त्यायले बाहेर काऊन नाई काढलं?”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. अस्मिता कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली.

“बाबा काय म्हणाले?”

“माझे उंट घरात राहिले म्हणाले.”

“पूर्ण वाक्य बोलले?”

“दोन वाक्यं बोलले.”

ती आत गेली आणि त्या दिवशी माझ्या पोळीला जरा जास्त तूप लागलेलं होतं.

मग आमचा रोजचा शिरस्ता झाला. कचेरीतून यावं, चहा घ्यावा, हरावं. नानाजी प्रत्येक डावानंतर एखाददुसरं वाक्य बोलत. उंट तिरपा चालतो, समोर आपलंच प्यादं असलं तर तो मुका होतो. राजासमोरचं किंवा वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की उंटाला वाट मिळते, एकच घर टाकलं तर एक उंट सुटतो आणि दुसऱ्याच्या तोंडावर दार लागतं. मला हे सगळं कळत होतं. अधिसूचना वाचताना कळते तसं कळत होतं, अंमलबजावणी शून्य. आठवडा गेला आणि एका संध्याकाळी नानाजींनी पट अर्ध्यावर सोडला.

“राहू द्या, जवाईबापू. मजा नाई येऊन राह्यली.”

आणि खुर्ची फिरवून ते पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले. दुसऱ्या दिवशी मी पट मांडला तर म्हणाले, “नको.”

त्या रात्री जेवताना अस्मिताने पोळीचे नुसते तुकडे केले. मग ताटाकडेच पाहत म्हणाली, “अहो, तुम्ही थोडं शिकून घ्या ना. बाबा बोलत होते हो.”

आता सांगा, यावर कोणता नवरा नाही म्हणेल? मी त्याच क्षणी ठरवलं, उंट बाहेर काढायचे.

मोबाइलवर मी शिकवण्या पाहिल्या. एक गृहस्थ सांगत होते, उंट पाचव्या घरात घेऊन जा आणि समोरच्याच्या घोड्यावर रोखा. मी तसं कचेरीतल्या लेखापालावर करून पाहिलं. त्याने कडेचं प्यादं पुढे करून माझ्या उंटाला हाकललं, मग शेजारचं प्यादं पुढे करून आणखी हाकललं, आणि शेवटी माझा उंट कोपऱ्यात तीन प्याद्यांच्या मध्ये मेला. लेखापाल माझ्या हाताखालचा नाही, हे मी विसरलो होतो.

आमच्या गल्लीत कुणी काही शिकायला घेतलं की ते गुप्त राहत नाही. शेजारचे गुलाबराव पोस्टातून निवृत्त झालेले. मनाचा मोठा माणूस. कुणाची अडचण दिसली की मदत केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, आणि त्यांची मदत झाली की पुष्कळदा समोरच्याला जात नाही. ते कुंपणावरून म्हणाले, “साहेब, आधी घोडे काढा, मग उंट. वरातीत पण घोडाच पुढं असते.” गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मनकर्णाबाई दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याची देखरेख करतात. त्या म्हणाल्या, “पट उत्तरेकडं तोंड करून मांडत जा बाप्पा, नाई त बरकत नाई येत.” मी उत्तरेकडे तोंड करूनही हरून पाहिलं.

शेवटी मी धम्मदीपकडे गेलो. मागच्या गल्लीत राहतो, बांधकाम खात्यात अभियंता आहे आणि विद्यापीठाच्या संघातून बुद्धिबळ खेळलेला आहे. त्याने माझ्यासोबत एक डाव खेळला आणि डाव संपल्यावर मोठ्या सभ्यतेने पाणी प्यायला दिलं.

“सर, तुमची समजूत चांगली आहे,” तो म्हणाला, “फक्त उंट हा मोहरा तुम्ही वापरत नाही.”

“तेच तर शिकवा.”

“एकट्याले शिकवण्यात मजा नाई. कॉलनीतले दहा-वीस जण जमवा. रविवारी समाजमंदिराच्या मैदानात बसू. मी मोठा पट घेऊन येतो. अन् तुमच्या सासऱ्यांना पण आणा. ते येतील ना?”

हा विचार मला फारच आवडला. मैदान आमच्या घरासमोरच, फक्त रस्ता ओलांडायचा. नानाजी चार लोकांत बसतील. मी त्याच दिवशी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना टाकली आणि तीच छापून समाजमंदिराच्या फळ्यावरही लावली.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना अजूनही माझे कान गरम होतात. मी कचेरीत आवक-जावक पाहतो. ज्या अर्जावर ‘विषय’ लिहिलेला नसतो तो अर्ज मी परत करतो. शेतकऱ्याचा असो की साहेबाच्या मेव्हण्याचा असो, परत. या कडकपणाबद्दल मी तालुक्यात प्रसिद्ध आहे. त्या माणसाने लिहिलेली सूचना अशी होती :

‘येत्या रविवारी सकाळी समाजमंदिराच्या मैदानात उंट लवकर व सुरक्षितपणे बाहेर कसे काढावेत, याचे मोफत प्रात्यक्षिक होईल. लहान मुलांना अवश्य आणावे. — भोयर.’

बुद्धिबळ हा शब्द कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीवालीने विचारलं, “साहेब, उंट राजस्थानातून आणता का?” मला वाटलं ती विनोद करतेय. मग कचेरीत शिपायाने विचारलं की उंटावर एका वेळी किती पोरं बसतात. संध्याकाळपर्यंत ती सूचना आमच्या गटातून शाळेच्या गटात, शाळेच्या गटातून भजनी मंडळाच्या गटात आणि तिथून पार हिंगणीपर्यंत गेली होती. मी घाईघाईने खुलासा टाकला : ‘उंट म्हणजे बुद्धिबळातले उंट.’ तो कुणी वाचला नाही. खुलासे कुणी वाचत नाही, हेही मला नोकरीमुळे माहीत असायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी नगरपंचायतीतून फोन. स्वच्छता निरीक्षक बोलत होते. “भोयरसाहेब, जनावरं आणून राह्यले, परवानगी काढली का?”

मी स्वतः गेलो. सरकारी माणसाला सरकारी माणूस समजावून सांगू शकतो, असा माझा भाबडा समज होता. निरीक्षक वयाने तरुण, शर्टाच्या खिशात तीन पेनं. मी म्हटलं, “साहेब, हे बुद्धिबळ आहे. जनावर नाही.”

“पण सूचनेत उंट लिहिलं आहे.”

“लाकडी उंट. बोटाएवढे.”

“आमच्याकडं तक्रार नोंदवल्या गेली आहे, ‘रहिवासी भागात उंट’. आता तक्रार आली म्हणजे एक त परवानगी दाखवा, नाई त कारवाई दाखवा. तिसरा रकाना नाई न साहेब. तुम्ही असं करा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून दाखला आणा. मी लगेच परवानगी देतो.”

“लाकडी उंटाचा दाखला?”

“मग सोपंच जाईन न.”

जनावरांचे डॉक्टर भले गृहस्थ होते; फक्त त्यांच्या पुढ्यात एक म्हैस उभी होती आणि त्यांचा एक हात तिच्यात होता. त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारलं, “किती उंट?”

“चार.”

“रंग?”

“दोन पांढरे, दोन काळे.”

“पांढरे? अंगावरचे केस गळून राह्यले का?”

“नाही हो, लाकडी आहेत.”

“पाय लाकडासारखे झाले? किती दिवसांपासून?”

म्हैस मोकळी झाल्यावर मी त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते खूप हसले, मग हात धुऊन गंभीर झाले आणि त्यांनी दाखला लिहून दिला : लाकडी उंट, नग चार, संसर्गजन्य रोग आढळला नाही. त्यावरून निरीक्षकांनी परवानगी दिली. अटी छापील होत्या. उंटांना पिण्याचं पाणी पुरवणं आणि त्यांची विष्ठा उचलणं ही आयोजकाची जबाबदारी राहील, असं त्यात होतं. मी सही केली. तुम्ही म्हणाल, का केली? तिसरा रकाना नव्हता म्हणून केली.

घरी येऊन मी अस्मिताला ती परवानगी दाखवली. ती हसून हसून खुर्चीवर बसली. पोर्चमध्ये नानाजींच्या कानावर सगळं जात होतं, पण त्यांनी मान वळवली नाही. “बाबा, रविवारी याल ना?” तिने विचारलं.

“नको.”

तिचं हसू तिथेच थांबलं. मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं मी उगाच करून बसलो.

रविवारी सकाळी मी दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. मैदानावर जत्रा भरली होती. पोरं नवे कपडे घालून, डोळ्यांत काजळ घालून आली होती. एकाने तर्री-पोह्याचा ठेला लावला होता. फुगेवाला आला होता. मनकर्णाबाई तीन नातवंडं घेऊन अगदी पुढे, सतरंजीसकट. मार्चचं ऊन सकाळीच चटके देत होतं आणि त्या उन्हात धम्मदीप आपला मोठा पट घेऊन एकटाच उभा होता. त्याच्याभोवती लोक विचारत होते, “भाऊ, तुम्ही उंटवाले का?”

मी धीर करून बाहेर गेलो, समाजमंदिराच्या ओट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं की उंट येणार नाही, उंट म्हणजे बुद्धिबळातला. मग एका पोराने भोकाड पसरलं. एकाचं पाहून दुसऱ्याने. एक बाई म्हणाल्या, “एवढ्या दुरून आलो जी आम्ही. सरकारी माणसानं असं फसवावं का?” आयुष्यभर मी लोकांचे अर्ज परत केले, माणसं परत पाठवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ओरडा झाला. सगळी पोरं तिकडे धावली. पुढे गुलाबराव, मागे एक पागोटेवाला आणि त्याच्या मागे खराखुरा, उंच, मान डोलवत येणारा उंट.

“घाबरू नका साहेब!” गुलाबराव लांबूनच ओरडले. “मले माहीत होतं, तुम्हाले उंट भेटला नाई म्हणून तुम्ही लोकायले बुद्धिबळाचं सांगून राह्यले. म्हटलं शेजाऱ्याची इज्जत आपली इज्जत. जाम गावच्या चौफुलीवर उंटं घेऊन मेंढ्यावाले उतरले आहेत, त्यायच्याकडून आणला.”

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रागावतासुद्धा आलं नाही. उंटवाल्याने विचारलं, “भोयरजी का घर?” आणि उंट थेट माझ्या फाटकापर्यंत आला, फाटकात शिरला, पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि खाली बसला. अर्धा आत, अर्धा बाहेर. मग त्याने मान लांब करून आमची जास्वंद खायला घेतली.

पोरं टाळ्या वाजवू लागली. पण उंट उठेना. उंटवाल्याने पुचकारलं, दोरी ओढली, हात जोडले. “थक गया है,” तो म्हणाला, “अपनी मर्जी से उठेगा.” आणि नेमक्या त्याच वेळी स्वच्छता निरीक्षक मोटारसायकलवरून उतरले. सोबत जनावरांचे डॉक्टर. त्यांना बोलावलं नव्हतं. ते मजा पाहायला आले होते, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

निरीक्षकांनी उंटाकडे पाहिलं, हातातल्या परवानगीकडे पाहिलं. “साहेब, परवानगी लाकडी उंटाची आहे. हा त जिता आहे.”

“मला दिसतंय.”

“अटीचा भंग झाला.”

“हा माझा उंट नाही.”

“तुमच्या फाटकात आहे. तुमचं झाड खाऊन राह्यला.”

चारशे डोळे माझ्याकडे लागले होते. पोरं पुन्हा रडायच्या बेतात होती. अस्मिता पोर्चच्या पायरीवर उभी होती आणि तिच्याकडे पाहायची मला हिंमत होईना. निरीक्षकांनी पेन काढलं. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

“चूप!”

तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन परत येणारा आवाज होता तो. नानाजी खुर्चीतून उठले होते. फाटकात उंट बसलेला असल्यामुळे ते कुंपणाच्या बाजूने, तारेखालून वाकून बाहेर आले. धोतराला तार अडकली ती त्यांनी झटक्याने सोडवली. सरळ मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“पोरं अशी उन्हात रडवून राह्यले तुम्ही लोक! इकडं या रे सगळे. ओळीत उभे राहा. धम्मदीप, समाजमंदिरात कबड्डीच्या रेघा मारायची फक्की असन, घेऊन ये.”

पोरं ओळीत उभी राहिली. मोठी माणसंसुद्धा राहिली. नानाजींनी धम्मदीपला सोबत घेऊन मैदानावर चौसष्ट घरं आखली आणि माणसं उभी करायला सुरुवात केली. पोरं प्यादी. काळ्या बाजूच्या लोकांनी डोक्याला दुपट्टा बांधायचा. काळ्यांची चाल धम्मदीप सांगणार, पांढऱ्यांची नानाजी. निरीक्षक म्हणाले, “सर, मी ड्युटीवर आहे.”

“मग हत्ती व्हा. कोपऱ्यात उभं राहायचं, हलायचं नाई. जमन न?”

सरकारी माणूस कुठेही गेला तरी मास्तरच्या आवाजाला अजून भितो. निरीक्षकांनी पेन खिशात ठेवलं, दुपट्टा बांधला आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. डॉक्टरही काळ्यांच्या बाजूला गेले. मग नानाजी माझ्याकडे वळले.

“जवाईबापू, तुम्ही उंट. राजाच्या बाजूचा.”

मी जाऊन उभा राहिलो. डाव्या हाताला राजा म्हणून गुलाबराव, उजव्या हाताला घोडा म्हणून पोहेवाला. समोर प्यादं, दोन्ही तिरक्या घरांत प्यादी. एका तिरक्या घरात, राजासमोर, मनकर्णाबाई होत्या. पोरं कमी पडली म्हणून त्यांना प्यादं केलं होतं.

“मनकर्णाबाई, दोन घरं पुढं,” नानाजी म्हणाले.

“काऊन?”

“उंटाले वाट पाह्यजे.”

“तिकडं ऊन आहे न. इथं लिंबाची सावली आहे. मी नाई जात बा.”

नानाजींनी समजावलं, धम्मदीपने समजावलं, राजाने म्हणजे गुलाबरावांनी स्वतः समजावलं. मनकर्णाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या घरात बैठक मारली. आणि खरं सांगतो, तिथे उभं असताना मला उंटाचं दुःख जन्मात पहिल्यांदा कळलं. इतके दिवस मी वरून पाहत होतो. आता समोर आपलीच माणसं, सगळी भली, कुणी वैरी नाही, आणि तरी हलायला जागा नाही. पलीकडून काळे कधी येतील याची नुसती वाट पाहायची.

“असू द्या,” नानाजी म्हणाले. “एक प्यादं अडून बसलं म्हणून उंटानं घरात राहायचं का? दुसरी वाट काढू. घोड्यासमोरची पोरगी कोण आहे? मेघा? मेघा बाळ, एक घर पुढं ये.”

मेघा एक घर पुढे गेली. तिकडे धम्मदीप म्हणाला, “मी पण माझा उंट अशाच वाटेने काढतो,” आणि त्याने निरीक्षकांशेजारच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे बोलावलं.

“आता जवाईबापू, तिच्या जागेवर या. तिरपे या, तिरपे! नाकासमोर काय चालता? बस. आता पाहा.”

मी पाहिलं. त्या एका घराच्या हालचालीने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरपी मोकळी वाट माझ्यासमोर पडली होती आणि तिच्या शेवटी, दुपट्टा बांधून, नगरपंचायतीचे स्वच्छता निरीक्षक उभे होते.

धम्मदीपच्याही ते लक्षात आलं. तो हसला. “काही हरकत नाही. वजिरासमोरचं प्यादं, दोन घरं पुढं ये रे. वाट बंद.”

पण प्यादं आलं नाही. कारण त्याच क्षणी माझ्या फाटकात उंट उठला. जास्वंद संपली होती. आधी मागून उठला, मग पुढून, आणि त्याने असा काही आवाज काढला की काळ्यांची अर्धी फौज ओरडत तिकडे पळाली. प्यादी गेली, वजीर गेला, डॉक्टरही गेले. कोपऱ्यात एकटे निरीक्षक राहिले. त्यांना हलायचं नाही असं सांगितलेलं होतं.

“हजर नाई त चाल नाई,” नानाजी ओरडले. “जवाईबापू, काय पाहत बसले? जा!”

मी गेलो. तिरपा गेलो. इतक्या लोकांसमोर, फक्कीच्या घराघरांतून, मैदान पार करून मी निरीक्षकांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “साहेब, आपण मेलात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उंटाकडे पाहिलं, ज्यावर आता चार पोरं बसून चालली होती. “मेलेल्या माणसाले कारवाई करता येत नाई,” ते म्हणाले, आणि दुपट्टा सोडून पोह्याच्या ठेल्याकडे गेले. तर्री त्यांनी दोनदा मागून घेतली.

दुपारपर्यंत मैदान रिकामं झालं. परवानगीतली विष्ठेची अट मी स्वतः पार पाडली. गुलाबरावांनी टोपलं धरलं.

चार वाजता आत आलो तर नानाजींनी आपणहून पट मांडला होता. अस्मिता पायरीवर बसून निवडायची मेथी घेऊन त्यांच्याकडे पाहत होती. नानाजी पांढरा उंट बोटांत फिरवत म्हणाले, “तुझी आई हा उंट पहिले बाहेर काढे.”

अस्मिताचा हात थांबला. “आई? आईला बुद्धिबळ यायचं?”

“तुम्ही पोरं शाळेत गेले न, तवा दुपारची सुट्टी झाली की मी घरी येत होतो. ती पट मांडून बसली राहे. रोज. मीच शिकवलं होतं, अन् मलेच हरवे.” त्यांनी उंट पटावर ठेवला. “एवढ्या वर्षांत मी तिले एकदाही नाई हरवू शकलो.”

मग अस्मिताने मेथीची सुपली माझ्या हातात दिली, हात पदराला पुसले आणि ती माझ्या खुर्चीवर बसली. “मला शिकवा,” ती म्हणाली.

मी मेथी घेऊन आत गेलो आणि चहा टाकला. बाहेरून आधी नुसते मोहरे ठेवल्याचे आवाज येत होते. मग बोलणं. मग चक्क भांडण. दोघांचेही आवाज चढले होते, दोघंही मास्तर.

“ठेवलं म्हणजे ठेवलं. चाल परत नाई घ्यायची!”

“पण माझं लक्ष नव्हतं ना बाबा.”

“नियम म्हणजे नियम.”

“आई घ्यायची परत?”

मी चहाचं पातेलं हातात धरून दारात उभा राहिलो. नानाजी पटाकडे पाहत होते. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“ती घेत राहे,” ते म्हणाले. “दर डावात घे. त्याच्याशिवाय मी काय हरतो का?”

आणि त्यांनी अस्मिताचा उंट उचलून, अगदी हळूच, मागच्या घरात ठेवला.

“घे. पाह्य नीट.”

मी आत येऊन चहा पुन्हा गॅसवर ठेवला. आता एवढ्यात तो कुणाला लागणार नव्हता.